दहा गिगाबिटचं कार्ड चारशेवर का अडतं? नेटवर्क कार्डासाठी स्लॉट निवडताना

नौपाड्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करणारा त्यांचा छोटा स्टुडिओ आहे. एडिटिंगची दोन मशीन आणि सगळं फुटेज ठेवायला एक ॲसेंबल्ड सर्व्हर. तिन्ही मशीनमध्ये त्यांनी दहा गिगाबिटची सेकंडहँड इंटेल एक्स५२० कार्डं बसवली, मध्ये दहा गिगाबिटचा लहान स्विच ठेवला. दोन्ही एडिटिंग मशीन एकमेकांना फाइल पाठवतात तेव्हा वेग सेकंदाला हजार एमबीच्या आसपास जातो. सर्व्हरशी देवाणघेवाण करताना मात्र चारशेच्या पुढे काटा हलत नाही. सर्व्हरमध्ये एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे अतिशय वेगवान डिस्क आहे, केबल बदलून झाली, स्विचचा पोर्ट बदलून झाला. दुकानदार म्हणतो, कार्ड जुनं आहे, नवीन घ्या. सर्व्हरच्या बोर्डावर दोन लांब स्लॉट आहेत: वरच्यात स्क्रीनपुरतं साधं ग्राफिक्स कार्ड आहे आणि खालच्यात नेटवर्क कार्ड. ‘दादा, नवीन कार्ड घेऊ का?’ असं त्यांनी विचारलंय.

ताई, घेऊ नका. तुमचं कार्ड ठणठणीत आहे. ते चुकीच्या जागी बसलंय, एवढंच. आणि हे मी कॅबिनेट न उघडता सांगू शकतो, कारण तुम्ही दिलेला चारशेचा आकडाच सगळं बोलतोय. ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्क बसवणं हेच माझं रोजचं काम आहे. वेग कमी मिळतो म्हणून लोक केबल बदलतात, स्विच बदलतात, शेवटी कार्ड बदलतात. ते कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये बसलंय हे क्वचितच कोणी बघतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मदरबोर्डावर ज्या लांबट फटीत कार्ड खोचतात तो पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट. हा स्लॉट म्हणजे लेनचा, डेटा जायच्या-यायच्या मार्गांचा, जुडगा. प्रत्येक लेनमध्ये तारांच्या दोन जोड्या असतात, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी, त्यामुळे दोन्ही बाजूंची वाहतूक एकमेकांना न अडवता चालते. एक्स १ म्हणजे एक लेन, एक्स ४ म्हणजे चार, एक्स १६ म्हणजे सोळा. लेनचा वेग तिच्या पिढीवर ठरतो. २००३ च्या जेन १ मध्ये एका लेनमधून एका दिशेला सेकंदाला २५० एमबी जात. २००७ च्या जेन २ मध्ये ५०० झाले. २०१० च्या जेन ३ मध्ये साधारण ९८५. २०१७ च्या जेन ४ मध्ये त्याच्या दुप्पट, १९७० च्या आसपास, आणि २०१९ च्या जेन ५ मध्ये पुन्हा दुप्पट. पहिल्या दोन पिढ्यांत दर आठ बिटांबरोबर दोन जादा बिट पाठवावे लागत, म्हणजे वीस टक्के क्षमता त्यातच जायची. जेन ३ पासून १२८ बिटांमागे फक्त दोन जादा बिट लागतात. जेन २ वरून जेन ३ वर येताना घड्याळाचा वेग दुप्पट झाला नाही, तरी मिळकत जवळजवळ दुप्पट झाली ती त्यामुळे.

आता तुमची गरज बघा. नेटवर्कचा वेग बिटांत मोजतात आणि फाइल कॉपी होताना दिसतो तो बाइटमध्ये, म्हणून आठने भागायचं. दहा गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५० एमबी. एक्स५२० हे कार्ड जेन २ चं आहे आणि त्याला आठ लेन लागतात. ५०० गुणिले आठ म्हणजे ४००० एमबी. त्या कार्डाच्या दोन्ही पोर्टांना मिळून २५०० लागतात, तेव्हा आठ लेन मिळाल्या तर त्याला कशाचीच कमतरता नाही.

तुमचा खालचा स्लॉट दिसायला वरच्याइतकाच लांब आहे. पण बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये त्याच्यापुढे बारीक अक्षरात ‘एक्स १ मोड’ असं लिहिलेलं सापडेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. म्हणजे प्लास्टिक सोळा लेनचं, आत तारा एकाच लेनच्या. पूर्व द्रुतगती महामार्गावरचा कोपरीचा पूल रुंद व्हायच्या आधी मुंबईहून ठाण्याला येताना काय व्हायचं ते आठवा. रस्ता एका बाजूला चार लेनचा, आणि रेल्वेवरच्या पुलाशी आला की दोनच. मागचा रस्ता कितीही रुंद असला तरी पलीकडे गाड्या पुलाच्या मापानेच पडायच्या.

इथे बरेच जाणकारही एक चूक करतात. ते म्हणतात, स्लॉट जेन ३ चा आहे, एक लेन असली म्हणून काय झालं, ९८५ तर मिळतील. नाही मिळत. मशीन चालू होताना कार्ड आणि स्लॉट यांची आपसांत बोलणी होतात, आणि ती दोन वेगवेगळ्या गोष्टींवर होतात: पिढी कुठली आणि लेन किती. दोन्ही बाबतींत ज्याची कुवत कमी, त्याचा शब्द चालतो. तुमच्या कार्डाला जेन २ च्या पुढचं काही येत नाही, म्हणून पिढी ठरली जेन २. स्लॉटकडे एकच लेन आहे, म्हणून लेन ठरली एक. हाती आले ५००. स्लॉटची नवी पिढी कार्डाच्या कमी पडलेल्या लेन भरून काढत नाही. डेटा छोट्या पाकिटांत जातो, आणि त्या ५०० मधूनही प्रत्येक पाकिटावरचा पत्ता, पोच, तपासणीचे बाइट वजा होतात आणि प्रत्यक्षात चारशेच्या आगेमागे उरतात. तुमचे चारशे ते हेच.

माझं म्हणणं तपासून बघायचं तर सर्व्हरवर विंडोज असेल तर पॉवरशेल उघडा आणि ‘गेट-नेटॲडॉप्टरहार्डवेअरइन्फो’ ही कमांड द्या. प्रत्येक कार्डापुढे लिंकचा वेग आणि लिंकची रुंदी अशी दोन घरं दिसतील. लिनक्स असेल तर रूट होऊन, म्हणजे पूर्ण अधिकारांच्या खात्यातून, ‘एलएसपीसीआय’ला दोन व्ही लावून चालवा आणि आपल्या कार्डाच्या माहितीत दोन ओळी शोधा. ‘लिंक कॅप’ म्हणजे कार्डाची ऐपत, ‘लिंक स्टेट’ म्हणजे आत्ता प्रत्यक्ष ठरलेलं. तुमच्याकडे ऐपतीच्या ओळीत ५ गिगाट्रान्सफर (म्हणजे जेन २) आणि एक्स ८ दिसेल, ठरलेल्या ओळीत ५ गिगाट्रान्सफर आणि एक्स १. नवीन लिनक्समध्ये त्या ओळीपुढे ‘डाउनग्रेडेड’ असा शब्दही छापून येतो. हे बघताना मागे एखादी मोठी फाइल कॉपीला लावून ठेवा, कारण काही कार्डं रिकामी असताना वीज वाचवायला लिंकचा वेग उतरवतात आणि उगाच घाबरायला होतं.

डोळ्यांनीही बघता येतं, आणि मला ते जास्त आवडतं. मशीन बंद करा, एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेट आडवं करून कार्ड काढा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून स्लॉटच्या फटीत बघा. दोन्ही भिंतींना बारीक पिवळे स्प्रिंगसारखे काटे दिसतील. खऱ्या सोळा लेनच्या स्लॉटमध्ये ते या टोकापासून त्या टोकापर्यंत असतात. चार लेनच्या स्लॉटमध्ये खाचेच्या (स्लॉटचे दोन भाग करणाऱ्या प्लास्टिकच्या आडव्या दांडीच्या) पलीकडे थोड्या अंतरावर संपतात आणि पुढे नुसतं काळं प्लास्टिक. एका लेनच्या स्लॉटमध्ये खाच ओलांडली की बोटभर जागेतच संपतात. ज्या स्लॉटमध्ये शेवटपर्यंत काटे असतात तिथे मात्र हा पुरावा अपुरा पडतो, कारण काही बोर्डांवर काटे सगळे असूनही तारा कमीच जोडलेल्या असतात. तिथे मॅन्युअल आणि सॉफ्टवेअर यांचंच ऐकायचं.

आता उपाय. सर्व्हरमधल्या दोन्ही कार्डांची अदलाबदल करा. वरचा स्लॉट नेटवर्क कार्डाला द्या, ग्राफिक्स कार्ड खाली न्या.

हे सांगितलं की लोक बिचकतात, कारण पहिला स्लॉट ग्राफिक्सचाच असतो असं आपल्या मनात पक्कं बसलंय. तसा नियम कुठेही नाही. पहिला स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि बहुतेक बोर्डांवर त्याच्या लेन सगळ्यांत जास्त असतात, इतकंच. गेमिंगच्या किंवा एडिटिंगच्या मशीनमध्ये त्यावर ग्राफिक्स कार्डाचा हक्क आहे. सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड महिन्यातून एकदा लॉगिनची पाटी दाखवतं आणि त्याला एक लेन भरपूर झाली. पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड कमी लेनवर चालायला तयार असतं, ते जास्त लेन असलेला स्लॉट अडवून बसतं ते आपण तसं बसवलं म्हणून. तुमच्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स असतं तर मी ते कार्डच काढून टाकायला सांगितलं असतं. तुमच्यात ते नाही, म्हणून खाली ठेवा.

अदलाबदल करण्याआधी सर्व्हरचा आयपी ॲड्रेस, सबनेट आणि गेटवे कागदावर लिहून ठेवा. कार्डाचा स्लॉट बदलला की विंडोज त्याला नवीन कार्ड समजतं आणि हाताने टाकलेला आयपी जुन्या नोंदीकडेच राहतो. लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव त्याच्या जागेवरून पडतं, तेही बदलतं. मशीन चालू होतं, दिवे लागतात, पण सर्व्हर कुणालाच दिसत नाही, आणि वाटतं अदलाबदलीत काहीतरी जळलं. काही जळलेलं नसतं, आयपी पुन्हा टाकायचा असतो. मॉनिटरची वायरही आता खालच्या कार्डाला लावावी लागेल.

तुमच्या एडिटिंग मशीनना हात लावू नका. तिथे ग्राफिक्स कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये आणि नेटवर्क कार्ड दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये आहे, आणि हजारच्या आसपास वेग येतोय म्हणजे त्या स्लॉटला निदान चार लेन आहेत. जेन २ च्या चार लेन म्हणजे २००० एमबी, एका पोर्टाला लागतात १२५०. पुरे. दुसऱ्या पोर्टालाही केबल लावून दोन्ही एकदम पळवायचे म्हटले तर कमी पडतील, पण ती तुमची गरज नाही.

या दुसऱ्या स्लॉटबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण खरी फसगत तिथे होते. बहुतेक बोर्डांवर तो प्रोसेसरला जोडलेला नसतो, चिपसेटला, म्हणजे बोर्डावरच्या बाकीच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपला, जोडलेला असतो. चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यात एकच दुवा असतो. त्या दुव्यावरून साटा (जुन्या पद्धतीच्या, वायरने जोडायच्या) डिस्क, यूएसबी, बोर्डावरचा लॅन पोर्ट, चिपसेटकडची एनव्हीएमई आणि तुमचं नेटवर्क कार्ड, सगळे जातात. इंटेलच्या १०० ते ४०० मालिकेतल्या बऱ्याच चिपसेटना आणि एएमडीच्या बी५५० ला हा दुवा जेन ३ च्या चार लेनइतका आहे, म्हणजे एका दिशेला ३९०० एमबीच्या आसपास. एका दहा गिगाबिट पोर्टासाठी ही चिंतेची बाब नाही. शिवाय नेटवर्कवरून आलेली फाइल चिपसेटकडच्या डिस्कवर लिहिताना डेटा आधी वर मेमरीत जातो आणि मग खाली डिस्ककडे येतो. दोन्ही प्रवास वेगळ्या दिशांचे असल्याने एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

चिंता करायची ती जुन्या आणि स्वस्त बोर्डांची. एच६१, एच८१, एच११० आणि एच३१० या चिपसेटच्या स्वतःच्या लेन जेन २ च्याच आहेत, आणि एएमडीच्या बी४५० च्याही तशाच. आपल्याकडे ऑफिसांत अशा मशीनचा अजून सुकाळ आहे. एच३१० च्या बोर्डाच्या खोक्यावर ठळकपणे जेन ३ छापलेलं असतं, ते पहिल्या स्लॉटबद्दल असतं. खालच्या छोट्या स्लॉटमध्ये अडीच गिगाबिटचं कार्ड टाकलं तर त्याला लागतात ३१२ एमबी आणि जेन २ ची एक लेन तेवढे देते. पाच गिगाबिटचं टाकलं तर लागतात ६२५, आणि तिथे ते अडणार. यापेक्षाही जुनी, जेन १ च्या लेनची मशीन अडीच गिगाबिटलाही पुरत नाहीत.

दुसरी फसगत वाटणीची. बोर्डवाले मोजक्याच लेन अनेक ठिकाणी वाटतात. दुसऱ्या एम डॉट टू सॉकेटमध्ये (पट्टीसारखी एसएसडी बसवायच्या जागेत) एसएसडी लावली की खालचा लांब स्लॉट बंद, असं कितीतरी बोर्डांवर असतं. काहींवर छोट्या एक्स १ स्लॉटमध्ये वायफाय कार्ड बसवलं की लांब स्लॉट चार लेनवरून दोनावर किंवा एकावर येतो. काहींवर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्स ४ निवडल्याशिवाय चार लेन मिळतच नाहीत, आणि निवडल्या की दोन साटा पोर्ट मरतात.

यात मी स्वतः एका माणसावर अन्याय केलाय. वागळे इस्टेटमधल्या एका सीएच्या ऑफिसात मार्चअखेरीस सर्व्हरमध्ये चार पोर्टांचं गिगाबिट कार्ड बसवायचं होतं. बसवलं, मशीन चालू केलं, कार्ड दिसेच ना. काढून पुसून परत बसवलं, बायोस रीसेट केलं, ड्रायव्हर तीनदा टाकला. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि सकाळी दहा जण टॅलीवर बसणार होते. दुसऱ्या दिवशी तडक दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर ज्याच्याकडून कार्ड घेतलं होतं त्याला दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. त्याने एक शब्द न बोलता कार्ड आपल्या टेस्टिंगच्या मशीनमध्ये टाकलं. चारही पोर्टांचे दिवे लागले. परत येऊन बोर्डाचं मॅन्युअल पहिल्यांदा नीट वाचलं. स्लॉटच्या तक्त्याखाली फुली मारून एक ओळ होती: दुसरं एम डॉट टू सॉकेट वापरात असेल तर हा स्लॉट चालणार नाही. एसएसडी पहिल्या सॉकेटमध्ये हलवली आणि कार्ड जिवंत झालं. पुढच्या आठवड्यात जाऊन त्या दुकानदाराची माफी मागितली. तेव्हापासून कुठल्याही बोर्डाला हात लावण्याआधी मी त्याच्या मॉडेलचं मॅन्युअल मोबाइलवर उतरवून घेतो आणि स्लॉटच्या तक्त्याखालच्या फुलीच्या ओळी आधी वाचतो.

समजा एखाद्या वाचकाच्या मशीनमध्ये अदलाबदल शक्यच नाही. ग्राफिक्स कार्ड जड आहे, पहिला स्लॉट त्याचाच, आणि उरलेला स्लॉट एका लेनचा. अशा वेळी मात्र नव्या पिढीचं कार्ड घेण्यात अर्थ आहे, आणि तुमच्या दुकानदाराचं म्हणणं तिथे लागू पडतं. अक्वांशियाच्या एक्यूसी१०७ चिपचं दहा गिगाबिट कार्ड जेन ३ चं आहे. त्याला चार लेन हव्या असतात, पण जेन ३ ची एकच लेन मिळाली तरी ९८५ मधून खर्च वजा जाता सहा-सात गिगाबिट पदरात पडतात. त्याच मालिकेतल्या एक्यूसी११३ ला जेन ४ कळतं, त्यामुळे जेन ४ ची एक लेन असेल तर तिच्यातून दहा गिगाबिट निघतात. खरेदी करताना कार्डाच्या खोक्यावरचा दहाचा आकडा बघून भागत नाही. त्याची पिढी आणि लेन विचारा, आणि त्या आपल्या रिकाम्या स्लॉटच्या पिढी-लेनशी जुळवून बघा. आणि छोटा स्लॉट पाठीमागून बंद असेल तर लांब कार्ड त्यात शिरणार नाही. काही लोक ते टोक तापलेल्या सुरीने कापतात. मी कुणाच्या मशीनवर ते करत नाही, खालची एखादी तार दुखावली तर बोर्ड गेला.

रिकामं एम डॉट टू सॉकेट असेल तर त्यातूनही चार लेन काढता येतात. त्यासाठी पट्टीसारखा ॲडॉप्टर मिळतो, एका बाजूला एसएसडीसारखा आकार आणि दुसऱ्या बाजूला वायरवर लटकणारा स्लॉट. ऐरोलीच्या एका ऑफिसात मी असं केलंय आणि ते चालतंय. पण कार्ड पक्कं बसवायला जागा शोधावी लागते, ॲडॉप्टरला एसएमपीएसमधून वेगळी वीज द्यावी लागते, आणि स्वस्त वायर घेतली तर लिंक जेन ३ वरून खाली घसरते. दुसरा मार्ग नसेल तेव्हाच.

आणि मुळात दहा गिगाबिट हवं का, हाही प्रश्न विचारायला हवा. फोर-के, पंचवीस फ्रेमचं, ॲपलच्या प्रोरेस ४२२ एचक्यू या एडिटिंगच्या फॉरमॅटमधलं फुटेज सेकंदाला ७३७ मेगाबिट खातं, म्हणजे ९२ एमबी. साध्या गिगाबिटच्या १२५ मध्ये त्याचा एकच प्रवाह कसाबसा बसतो. अडीच गिगाबिटमध्ये दोन आरामात आणि तिसरा ओढूनताणून. एकटा एडिटर, एकच कॅमेरा अँगल, अशा माणसाला अडीच गिगाबिटचं एक्स १ कार्ड पुरतं आणि त्याला स्लॉटची एवढी उठाठेव करावी लागत नाही. तुमच्याकडे चार-चार कॅमेरे आणि दोन मशीन आहेत, तेव्हा तुमचा दहाचा निर्णय बरोबर होता. ज्याच्या सर्व्हरमध्ये एकच साटा एसएसडी आहे, त्याचा पाइप डिस्कपाशीच ५५० च्या आसपास संपतो. त्याने आधी डिस्कचा विचार करावा.

साध्या गिगाबिट कार्डाचं म्हणाल तर पीसीआय एक्सप्रेसचा कुठलाही स्लॉट चालेल. जुन्या पांढऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये मात्र टाकू नका. त्या सगळ्या स्लॉटांना मिळून १३३ एमबी असतात, तेही येण्याजाण्याचे धरून.

आता बसवतानाच्या दोन गोष्टी. एक्स५२० सारखी कार्डं मूळची रॅकमधल्या सर्व्हरसाठी बनवलेली आहेत. महापे-रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये त्यांच्यावरून सतत पंख्यांचा झोत जात असतो. म्हणून त्यांच्यावर नुसता ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो, पंखा नसतो. आपल्या कॅबिनेटमध्ये तो झोत नाही, आणि तुमचा सर्व्हर माळ्याखालच्या लाकडी कपाटात आहे असं तुम्ही लिहिलंय. मे महिन्यात रात्री एसी बंद करून कॉपी लावून गेलात तर कार्ड तापून लिंक तुटू शकते. कपाटाचं मागचं फळकूट काढा आणि कॅबिनेटमध्ये स्लॉटांच्या समोर एक १२० मिलिमीटरचा पंखा लावा, हवा कार्डाकडे येईल असा. दोन पोर्टांचं तांब्याच्या केबलवालं एक्स५४० कुणाकडे असेल तर त्याला हे दुप्पट लागू आहे, ते फारच तापतं.

दुसरी गोष्ट स्क्रूची. कार्ड स्लॉटमध्ये दोन्ही टोकांना सारखा अंगठा देऊन दाबा, दोन्ही टोकं सारखी आत बसली पाहिजेत. मग मागच्या पत्र्याच्या पट्टीचा स्क्रू लावताना कार्डाच्या दुसऱ्या टोकाकडे नजर ठेवा. आपल्याकडच्या स्वस्त कॅबिनेटचा पत्रा जरा वाकडा असतो. स्क्रू आवळला की पट्टी खेचली जाते आणि कार्डाचं आतलं टोक केसभर वर उचललं जातं. पहिल्या चार लेन टेकलेल्या राहतात, शेवटच्या सुटतात. मशीन तक्रार करत नाही, निमूटपणे एक्स ८ ऐवजी एक्स ४ वर चालू राहतं. तसं दिसलं तर स्क्रू सैल करून कार्ड पुन्हा दाबा, पट्टी हाताने किंचित वाकवून सरळ करा. सेकंडहँड कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळपट असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत त्या पट्ट्यांवर थर धरतो, आणि पावसाळ्यानंतर असे दोन-तीन फोन मला हमखास येतात.

हे सगळं झालं की सर्व्हर चालू करा, आयपी टाका, पुन्हा लिंकची रुंदी बघा. ५ गिगाट्रान्सफर आणि एक्स ८ दिसायला हवं. मग फाइल कॉपी करून वेग मोजू नका, कारण त्यात डिस्क मध्ये येते. सर्व्हरवर आणि एका एडिटिंग मशीनवर ‘आयपर्फ ३’ हे छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका, ते नुसती मेमरीतून मेमरीत माहिती पाठवून नेटवर्कच तेवढं मोजतं. विंडोजवर एका प्रवाहात आकडा कमी आला तर चार समांतर प्रवाह लावा. दोन्ही दिशांनी ९.४ गिगाबिटच्या आसपास आलं पाहिजे, दहामधला बाकीचा भाग पाकिटांच्या वेष्टनात जातो. तो आकडा दोन्हीकडून दिसल्याशिवाय कॅबिनेटचं झाकण लावू नका. एका दिशेला ९.४ आणि दुसऱ्या दिशेला निम्मं आलं, तर लिंकच्या त्या ओळींचा फोटो पाठवा, मी बघतो.